रोजच्या कपड्यांसाठी जुनं आर्मवार किंवा वॉर्डरोब घ्यायचाय: काय मोजायचं, काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: झोपण्याच्या खोलीत भिंतीत बसवलेल्या कपाटाऐवजी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं, सुटं उभं राहणारं लाकडी कपाट ठेवायचं आहे. त्यात रोजचे कपडे हँगरवर टांगायचे आहेत. फ्रेंच आर्मवार घ्यावं की इंग्लिश वॉर्डरोब, ते खरंच जुनं आहे हे कसं ओळखावं, आणि लाकडाला किडीची भोकं दिसली तर ते सोडून द्यावं का?

बहुतेक लोक नक्षी, पॉलिश आणि मुठी बघून कपाट पसंत करतात आणि मग टेप काढतात. क्रम उलटा हवा. पॉलिश पुन्हा करता येतं, मूठ बदलता येते, निखळलेला सांधा सरस लावून बसवता येतो. पण कपड्यांना अपुरं पडणारं माप, पिळवटलेली चौकट आणि कोणीतरी मधेच कापून लहान केलेला सांगाडा, या तीन गोष्टी पैसे ओतूनही नीट होत नाहीत. त्यामुळे त्या आधी बघायच्या.

हँगर मावतो का

साधा हँगर ४२ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर कोट चढवला की बाह्यांसकट ५० ते ५५ होतात. म्हणजे दार बंद केल्यावर आत, दारापासून पाठीपर्यंत, निदान ५५ सेंटिमीटर मोकळं अंतर लागतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली बरीचशी कपाटं या मापाची नाहीतच, कारण तेव्हा कपडे घडी करून फळ्यांवर ठेवत किंवा आतल्या खुंट्यांना अडकवत. खांद्याच्या आकाराचा हँगर घरोघरी रुळला तो विसाव्या शतकात. म्हणून बाहेरून भारदस्त दिसणाऱ्या कपाटात आत ३८ ते ४८ सेंटिमीटरच मिळतात, आणि कपाट घरी आल्यावर दार लागत नाही.

बाहेरच्या मापावर विसंबू नका. विक्रेता सांगतो तो आकडा बहुधा कॉर्निसच्या, म्हणजे माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या टोकापासूनचा असतो. ती पट्टीच ६ ते १० सेंटिमीटर पुढे आलेली असू शकते. त्यातून दाराची जाडी, पाठीच्या फळ्या आणि आरशाचं दार असेल तर आरशामागची फळी वजा करा. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. ती आतल्या बाजूला दीड-दोन सेंटिमीटर फुगलेली असते आणि नेमकी कोटाच्या खांद्याला घासते.

माप कमी भरलं तरी कपाट बाद होत नाही. दांडी आडवी न लावता पुढून मागे लावायची, म्हणजे कपडे दाराकडे तोंड करून टांगले जातात. बाहेर सरकणारी अशी ३५ सेंटिमीटरची दांडी मिळते. शर्टाला साधारण ३ सेंटिमीटर धरले तर एका दांडीवर ११-१२ शर्ट. आत एक मीटर रुंदी असेल तर अशा दोन दांड्या शेजारीशेजारी बसतात, म्हणजे २२-२४ शर्ट. त्याच रुंदीत नेहमीच्या आडव्या दांडीवर ३०-३३ मावले असते. इतका तोटा पत्करायचा नसेल तर पुरेशा खोलपणाचंच कपाट शोधा. पाठ काढून मागे पेटी वाढवून घेण्याचा सल्ला सुतार उत्साहाने देतात. तो ऐकू नका. मागच्या फळ्या म्हणजे नुसता पडदा नव्हे. सांगाडा काटकोनात ठेवायचं निम्मं काम त्याच करतात.

उंचीचं गणित सोपं आहे. शर्ट आणि जाकिटांना दांडीखाली १०० ते १०५ सेंटिमीटर, लांब कोट आणि पायघोळ कपड्यांना १४० ते १५०. जुन्या कपाटात तळाला खण असेल तर लांब कपड्यांची उंची तिथेच संपते. दांडी २५ ते ३० मिलिमीटर जाडीची लाकडी घ्या, आणि एक मीटरपेक्षा लांब असेल तर मधे आधार द्या, कारण कोटांनी भरलेल्या दांडीवर २० किलोच्या वर वजन सहज होतं. जुन्या बाजूच्या फळ्यांना नवी भोकं पाडू नयेत. दोन उभ्या पट्ट्या कपाटाच्या तळावर टेकवून, त्यांच्या माथ्याच्या खाचांत दांडी ठेवली की वजन तळावर जातं आणि सगळं हवं तेव्हा उचलून काढता येतं.

कोणता प्रकार कशासाठी

फ्रेंच आर्मवार, विशेषतः नॉर्मंडीकडचं ओकचं किंवा प्रोव्हान्सकडचं अक्रोडाचं, दिसायला सगळ्यांत देखणं, पण मुळात फळ्यांचं कपाट. चादरी, घडीचे कपडे, स्वेटर यांना उत्तम; हँगरला बहुधा अरुंद. इंग्लिश लिनन प्रेस वर दोन दारं, दारांमागे सरकते ट्रे आणि खाली खण अशी असते. ट्रे शाबूत असतील तर ती तशीच वापरावी. ट्रे काढून त्या जागी दांडी ठोकलेल्या लिनन प्रेस बाजारात भरपूर आहेत. आतल्या बाजूंना ट्रेच्या पट्ट्यांचे फिकट आडवे ठसे दिसले की समजावं. डच कास्ट हे रुंद, प्रचंड आणि जड. मोठी खोली नसेल तर विचारही करू नये.

रोज हँगर वापरायचे असतील तर माझा कल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्लिश वॉर्डरोबकडे किंवा १९२०-३० च्या दशकांतल्या कपाटांकडे. पहिल्यात टांगायची बाजू आणि फळ्यांची बाजू वेगळी असते. दुसऱ्यात तर बऱ्याचदा मूळचीच दांडी असते, बूट आणि टायसाठी जागा असते, आणि माप आजच्या हँगरला जुळतं. त्यांना अजून तितकं कौतुक मिळत नाही, हे घेणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं.

आत येईल का आणि उभं राहील का

आधी विचारा: कपाट सुटं होतं का? नुसतं विचारू नका, करून दाखवायला सांगा. जुनं फ्रेंच आर्मवार मुळातच सुटं करता येईल असं बांधलेलं असतं. दारं बिजागरीच्या खिळीवरून वर उचलून निघतात, कॉर्निस उचलली जाते, मग सांध्यांतल्या लाकडी खुंट्या ठोकून काढल्या की बाजू, पाठ आणि तळ वेगळे होतात. दोन माणसं आणि एक लाकडी हातोडा, एवढ्यावर काम होतं. इंग्लिश वॉर्डरोब बहुधा तीन तुकड्यांत असतो: वर कॉर्निस, मधे पेटी, खाली बैठक. कॉर्निस आणि बैठक नुसत्या वजनावर आणि अडकणाऱ्या ठोकळ्यांवर बसतात. पण मधली पेटी १८० ते १९० सेंटिमीटर उंचीची, एकसंध असते. तिलाच जिन्याचं वळण पार करावं लागतं. तीन दारी मोठ्या वॉर्डरोबमध्ये अशा दोन-तीन पेट्या शेजारीशेजारी बोल्टने जोडलेल्या असतात, त्यामुळे गंमत अशी की मोठा वॉर्डरोब आत नेणं लहानापेक्षा सोपं जातं.

मुळात सुटं होणारं कपाट मधल्या काळात कोणी डिंकाने चिकटवलेलं किंवा स्क्रूने आवळलेलं असू शकतं. कोपऱ्यात आतून स्क्रूची डोकी दिसली, सांध्यातून डिंकाचे थेंब ओघळलेले दिसले, तर ते आता सुटं होत नाही असं धरा. सुटं करताना प्रत्येक खुंटीला तिच्या भोकाचा नंबर द्या. त्या हाताने तासलेल्या असतात आणि एकीची जागा दुसरीला चालत नाही. सांध्यांजवळ पटाशीने कोरलेल्या रोमन आकड्यांच्या खुणा असतील तर त्याच पाळा.

एकसंध पेटी आडवी आत आणून उभी करायची असेल तर छताची उंची कपाटाच्या उंचीइतकी असून भागत नाही. उभं करताना कर्ण फिरतो. २२० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल कपाटाचा कर्ण २२८ भरतो, म्हणजे २३० च्या छताखाली ते जेमतेम उभं राहील आणि २२५ च्या छताखाली अजिबात नाही, जरी उभं असताना वर पाच सेंटिमीटर मोकळे राहिले असते तरी. वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा मोजा. ती खोलीच्या दारापेक्षा जिन्याच्या वळणावर किंवा लिफ्टमध्ये असते. जमिनीवर चिकटपट्टीने कपाटाचा तळ आखा आणि दारांच्या फिरण्याची कमानही आखा. आरशाचं एकच रुंद दार ७५-८० सेंटिमीटर पुढे येतं, आणि त्यापुढे माणसाला उभं राहायला जागा हवी.

भिंतीपासून ४-५ सेंटिमीटर अंतर ठेवा, विशेषतः बाहेरच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला. पाठीमागे हवा खेळली नाही की आधी पाठीच्या फळ्यांवर बुरशी येते आणि मग कपड्यांना वास. हीटरशेजारी किंवा एसीच्या थेट झोतात ठेवणं हे त्याहून वाईट.

सांगाडा तपासणं

कपाटाच्या वरच्या कोपऱ्याला हात लावून बाजूला हलकेच ढकला. थोडं हलून जागेवर आलं तर सांधे सैल आहेत. हे दुरुस्त होतं. हलून तिरकंच राहिलं, किंवा कुठे कट् असा आवाज आला, तर आत कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभ, तुटलेलं असण्याची शक्यता आहे, आणि ते काम सांगाडा पूर्ण खोलल्याशिवाय होत नाही. मग दारं उघडून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. तीन-चार मिलिमीटरचा फरक शंभर वर्षांच्या कपाटाला शोभतो. दहाच्या वर गेला तर कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दार घासतंय, मधल्या जोडावर दोन दारं खालीवर दिसतात, म्हणून कपाट नाकारण्याआधी पाणसळ लावा. बहुतेक वेळा दोष दाराचा नसून जमिनीचा असतो. मधल्या जोडावर ज्या बाजूचं दार खाली उतरलेलं दिसतं, त्या बाजूचा पुढचा पाय खाली बसलेला असतो. त्या पायाखाली एक-दोन मिलिमीटरची कठीण लाकडाची चकती सरकवत जा आणि दारांकडे बघत राहा. ती डोळ्यांसमोर जुळून येतात. पाय समतल व्हायच्या आत रंधा मारलेली दारं पुढे योग्य जमिनीवर ठेवली की त्यांच्यात कायमची फट राहते. बाजारात अशी रंधलेली दारं पुष्कळ दिसतात. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा पाहा: तिथे ताजं, फिकट लाकूड दिसलं तर तेच झालं आहे.

पिळलेलं दार ही वेगळी गोष्ट. दार बंद करून चारही कोपरे चौकटीला टेकतात का बघा. एक कोपरा तीन-चार मिलिमीटर बाहेर राहत असेल तर कुलूप लावल्यावर तो आत ओढला जातो. आठ-दहा मिलिमीटर असेल तर कोणी कितीही खात्री दिली तरी ते सरळ होणार नाही.

पॅनेलच्या चिरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घाबरायचं नको तिथे लोक घाबरतात. दाराच्या मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, डिंक न लावता. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. ओकची ४० सेंटिमीटर रुंद, सपाट चिरलेली फळी तिच्यातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला की पाच-सहा मिलिमीटर हलते. फळी मोकळी असेल तर ती खाचेतल्या खाचेत सरकते, आणि तिच्या कडेला न रंगवलेली एक फिकट पट्टी उघडी पडते. ही पट्टी म्हणजे दोष नव्हे, कपाट नीट बांधलं आहे याचा पुरावा आहे. चीर पडते ती फळी अडकली तर: कोणी कडेने खिळे मारले, खाचेत डिंक भरला, किंवा रंगाचे थर इतके चढले की तेच चिकटपट्टीसारखे झाले. म्हणून चीर दिसली की आधी अडकलेली कड मोकळी करायची. मग त्याच जातीच्या लाकडाची बारीक काडी एका बाजूला सरस लावून चिरेत बसवायची. चिरेत कडक पुटी भरली तर पुढच्या दमट महिन्यांत फळी फुगते, पुटी दबत नाही, आणि शेजारी दुसरी चीर पडते.

एकंदरीत, मोडकं कपाट परवडतं पण चुकीचं दुरुस्त केलेलं परवडत नाही. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून ते खोलता येतात. इपॉक्सीने भरलेला सांधा खोलायचा म्हणजे लाकूड फोडणं. लोखंडी कोन ठोकलेले कोपरे, बिजागरीला जाडे नवे स्क्रू, हे सगळं किमतीतून वजा करण्यासारखं आहे. बिजागरीचं भोक सैल झालं असेल तर त्यात कठीण लाकडाची खुंटी सरसाने बसवून, तिच्यात नवं बारीक भोक पाडून मूळचाच स्क्रू लावावा. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्या. पितळेचं डोकं पटकन तुटतं.

खरंच जुनं आहे का

पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते. वय कळतं ते पाठीवर, तळाखाली आणि खणांच्या आत. टॉर्च तिरपा धरा. पाठीच्या फळ्यांवर सरळ पण असमान अंतराच्या करवतीच्या रेघा असतील तर हाताने चिरलेलं लाकूड असू शकतं. एकसारख्या गोल कमानी दिसल्या तर गोल करवत, म्हणजे साधारण एकोणिसावं शतक उजाडल्यानंतरचं काम. हाताच्या रंध्याने मारलेल्या फळीवरून बोटं आडवी फिरवली तर अगदी उथळ लाटा लागतात. प्लायवूडची पाठ विसाव्या शतकाकडे बोट दाखवते. हार्डबोर्ड १९२० च्या दशकाआधी नव्हताच.

खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे सांधे, बघा. हाताने कापलेले दात सारखे नसतात, बारीक असतात, आणि त्यांच्या मुळाशी आखणीची ओरखडलेली रेघ राहिलेली असते. एकसारखे, समान अंतराचे दात यंत्राचे, म्हणजे सर्वसाधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतले किंवा नंतरचे. स्क्रू काढू दिला तर एक काढा. बोथट टोकाचा, खाच थोडी एका बाजूला गेलेला, आटे असमान असलेला स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचा. अणकुचीदार टोकाचे यंत्राचे स्क्रू १८४० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. अधिकच्या चिन्हासारखी खाच १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरची. गोल तारेचे खिळे १८८० च्या पुढे सर्रास झाले. त्याआधी पत्र्यातून कापलेले चौकोनी, आणि त्याही आधी हाताने घडवलेले. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, उखडलं असेल तर त्याची जाडी बघा: करवतीने काढलेलं दीड ते तीन मिलिमीटर, पात्याने सोललेलं मिलिमीटरपेक्षा पातळ.

एकाच खुणेवर निकाल देऊ नका. स्क्रू बदलले जातात, पाठ बदलली जाते, आणि जुने खिळे नव्या कपाटात ठोकणारेही आहेत. पाच-सहा खुणा एकच काळ सांगतात का, ते महत्त्वाचं. लाकूड रेषांच्या आडवं आक्रसतं, त्यामुळे खराद्यावर गोल केलेला पाय शतकभरात किंचित अंडाकृती होतो. कॅलिपरने दोन दिशांनी मोजा. अजिबात फरक नसलेला पाय बदललेला असू शकतो. कीड लाकडाच्या आत बोगदे करते आणि पृष्ठभागावर फक्त गोल भोक पाडते. त्यामुळे पृष्ठभागावर बोगदा लांबट नालीसारखा उघडा पडलेला दिसला तर ते लाकूड आधी दुसरीकडे होतं आणि मग कापलं किंवा रंधलं गेलं. जुन्या फळ्यांतून बनवलेलं ‘जुनं’ कपाट इथेच पकडलं जातं.

वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या कपाटांचे असण्याचा प्रकारही नेहमीचा. दोन्हींची पाठ सारख्याच पद्धतीने बांधली आहे का, बाजूच्या लाकडाच्या रेषा आणि रंग जुळतात का, खालच्या भागाच्या माथ्यावर, जिथे वरचा भाग टेकतो तिथे, पॉलिश केलेलं आहे का? लपणाऱ्या जागी कोणी पॉलिश करत नसे. आणि आतलं लाकूड सगळीकडे एकसारखं तपकिरी असेल तर डाग लावून म्हातारं केलेलं आहे. खरं लाकूड हाताळल्या जागी काळपट, झाकल्या जागी फिकट राहतं. पाठीला मोठं चौकोनी भोक म्हणजे मधे कपाटाचा टीव्हीसाठी उपयोग झाला. वापराला अडत नाही, किमतीला अडलं पाहिजे. मुठी आणि किल्लीच्या भोकाभोवतीची पितळी पट्टी चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे, वर मुलामा. फ्रेंच बिजागऱ्या मात्र मूळच्याच लोखंडी असतात.

फ्रेंच आर्मवारला पुष्कळदा मूठच नसते, किल्ली हीच मूठ. म्हणून किल्ली नसलेलं आर्मवार घेताना कुलूप उतरवून किल्ली बनवून घेण्याचा खर्च धरा. डावं दार वर-खाली कड्यांनी अडकतं आणि उजवं त्याला कुलूप लावतं. दोन्ही कड्या जागेवर बसतात का, हे स्वतः करून बघा. हे कुलूप आतून उघडत नाही. घरात लहान मुलं असतील तर किल्ली भोकात ठेवू नका.

कीड

भोकं असणं आणि कीड असणं एक नव्हे. फर्निचर बीटल या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं भोक गोल, दीड ते दोन मिलिमीटरचं, आणि त्यातून पडणारी भुकटी किंचित खरखरीत. मैद्यासारखं मऊ पीठ पडत असेल तर ती दुसरी, रुंद छिद्रांच्या कठीण लाकडाच्या कोवळ्या बाहेरच्या भागात राहणारी कीड. जुनं भोक आतून काळपट आणि कडा बोथट. ताजं भोक आतून फिकट आणि कडा धारदार. काळा कागद कपाटाखाली पसरा, फळ्यांवर बोटांनी ठोका, भुकटी झाडून टाका आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. काही पडलं नाही तरी पूर्ण खात्री नाही, कारण अळी लाकडात तीन ते पाच वर्षं राहते आणि उबदार महिन्यांत बाहेर पडते. भोकं मेणाने बुजवून ठेवा. पुढच्या मोसमात नवं भोक पडलं तर ते लगेच दिसेल.

पाय, बैठक आणि पाठीच्या खालच्या फळ्या इथे टोच्या टोचून बघा. टोक पाच मिलिमीटर सहज आत गेलं तर तो भाग पोकळ आहे. एखादा पाय किंवा पाठीची फळी बदलता येते. चौकटीचे उभे खांबच पोकळ असतील तर घेऊ नका. सुरुवातीच्या काळातलं, सरसाने चिकटवलेलं प्लायवूड फर्निचर बीटलला फार आवडतं, तेव्हा १९२०-३० च्या कपाटाची पाठ आणि खणांचे तळ नक्की तपासा. मातीच्या नळ्या किंवा ठोकल्यावर डबडब आवाज आला तर वाळवीचा संशय घ्या. असं कपाट घरात आणूच नका.

उपचार कच्च्या, पॉलिश नसलेल्या बाजूंना लावायचा, कारण पॉलिशमधून काही आत मुरत नाही. बोरेट किंवा परमेथ्रिनचं द्रावण पाठीला, तळाला, खणांच्या बाहेरच्या बाजूंना ब्रशने दोनदा, आणि भोकांत सुईने. सुटे लहान भाग प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवले तरी कीड मरते. आरसा किंवा व्हिनियर असलेले भाग मात्र गोठवू नयेत. उपचार होईपर्यंत कपाट इतर लाकडापासून दूर ठेवा.

पॉलिश, रंग, आरसा, वास

जुन्या पॉलिशवर लपलेल्या जागी मेथिलेटेड स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर चपडा, म्हणजे फ्रेंच पॉलिशसारखं लाखेचं काम. त्याला खरवडायची गरज नसते, नुसतं वर नवं पॉलिश चढवता येतं. जुनं पॉलिश काढून लख्ख करणं हा कपाटावरचा सगळ्यांत मोठा अन्याय, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी धूळ, मग सौम्य साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं, मग जुनं मेण काढायला व्हाइट स्पिरिट, शेवटी मेणाचा पातळ हात. सिलिकॉनचे स्प्रे वापरू नका; पुढे कधी पॉलिश करायला गेलात तर त्यात डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. जवसाचं तेलही नको, ते काळवंडतं आणि चिकट राहतं.

रंगवलेलं कपाट असेल आणि रंग १९७० च्या दशकाआधीचा असेल, तर त्यात शिसं आहे असंच धरा. कोरडं घासू नये, हीट गनही लावू नये. रंग घट्ट असेल तर वरून पारदर्शक थर देऊन बंद करा.

जुन्या आरशात चांदीऐवजी पारा आणि कथिलाचा थर असू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत तो वापरात होता. तो निळसर-करडा दिसतो, जागोजागी बारीक चमकणारे दाणे दिसतात, आणि खालच्या कडेला कधी पाऱ्याचे थेंब साचतात. मागचा थर खरवडू नका, तापवू नका. मुलांच्या खोलीत असा आरसा ठेवू नये.

वासाची परीक्षा सोपी: दारं बंद करून दोन-तीन तासांनी उघडा आणि डोकं आत घाला. बंद राहिल्याचा वास महिनाभर सावलीत उघडं ठेवून आणि सक्रिय कोळसा ठेवून जातो. डांबरगोळ्यांचा वास मात्र लाकडात मुरतो. आतल्या कच्च्या लाकडाला मेण काढलेल्या चपड्याचे दोन हात दिले तरच दबतो. बुरशीचा वास येत असेल तर आधी ओल कुठून आली ते शोधा. ओकचं लाकूड आम्लधर्मी वाफा सोडतं, त्यामुळे फळ्यांवर आम्लरहित कागद पसरा, नाहीतर पांढरे कपडे घडीवर पिवळे पडतात.

घरी आल्यावर

रिकामं आर्मवार ८० ते २०० किलोंचं असतं आणि आरशाचं दार उघडलं की तोल पुढे जातो. म्हणून कपाट दोन-तीन मिलिमीटर मागे झुकेल अशा चकत्या पुढच्या पायांखाली द्या, आणि वरच्या भागात दोन पट्ट्यांनी ते भिंतीला बांधा. स्क्रू सांगाड्याच्या जाड आडव्या पट्टीत जायला हवा, पाठीच्या पातळ फळीत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे दारं किंचित उघडी ठेवून कपाट रिकामंच राहू द्या. नव्या हवेत लाकूड हलतं; काल अडकणारं दार पंधरा दिवसांनी मोकळं होतं आणि मोकळं असलेलं अडकू लागतं. खोलीतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहील असं बघा. त्यानंतरही दार घासत असेल तर पुन्हा पाणसळ लावा, बिजागरीचे स्क्रू तपासा, आणि तरीही भागलं नाही तरच, घासणाऱ्या जागी खडू लावून, नेमकी तेवढीच कड हाताने तासा.